शरण आणि अनुसरण : ‘लीळाचरित्रा’तील समर्पणाची संकल्पना

१

मराठी भक्तिसाहित्याच्या समीक्षेत ईश्वराला केलेल्या आत्मसमर्पणाचा विचार प्रायः दोन चौकटींत झालेला आहे. पहिली चौकट नवविधा भक्तीची. तिच्यात आत्मनिवेदन ही नववी आणि अखेरची पायरी असते. रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात श्रवणापासून आरंभ करून नवव्या समासात आत्मनिवेदनाचे विवेचन केले आहे, आणि तेथे निवेदन करणाऱ्या ‘मी’चा शोध घेता घेता तो ‘मी’च उरत नाही, असा अद्वैतपर निष्कर्ष येतो. दुसरी चौकट शरणागतीची. पांचरात्र आगमांनी सांगितलेली षड्विध शरणागती, रामानुजांचे ‘शरणागतिगद्य’ आणि पुढे श्रीवैष्णवांच्या दोन शाखांत मर्कटन्याय व मार्जारन्याय यांवरून झालेला वाद, ही तिची ठळक स्थाने होत. या दोन्ही चौकटी संस्कृत शास्त्रपरंपरेतून आलेल्या आहेत. मराठी संतकाव्याला त्या बऱ्याच अंशी लागूही पडतात.

मराठीतील आद्य गद्यचरित्राला मात्र त्या पुरत्या पडत नाहीत. म्हाइंभटसंकलित ‘लीळाचरित्र’ (१२७८ च्या सुमारास) या ग्रंथात ईश्वराला सर्वस्व वाहणाऱ्या माणसांची संख्या मोठी आहे. परंतु त्या वाहण्याला ग्रंथाने योजलेला मुख्य शब्द ‘अनुसरणे’ हा आहे. अमुक एक जण ‘अनुसरला’, अमुक एक बाई ‘अनुसरली’, ही महानुभाव गद्यातील नित्याची वाक्यरचना होय. तिचा अर्थ ‘दीक्षा घेतली’, ‘संन्यास घेतला’ असा देऊन कोशकार व टीपाकार पुढे जातात. व्यवहारतः तो अर्थ चुकीचा नाही. पण ‘अनुसरणे’ हे मुळात चालण्याचे क्रियापद आहे, ही गोष्ट त्या अर्थात हरवते. ‘शरण’ या शब्दात थांबणे आहे, आश्रयाला येऊन टेकणे आहे. ‘अनुसरणा’त मागोमाग निघणे आहे. हा भेद केवळ शब्दांचा नसून त्यातून समर्पणाची एक वेगळी कल्पना आकाराला आली आणि तिनेच मराठीतील पहिल्या मोठ्या गद्याचे रूप ठरविले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी आरंभबिंदू म्हणून घेतली आहे ती भंडाऱ्याच्या निळभट्ट भांडारेकार यांची कथा.

२

‘लीळाचरित्रा’चे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे तीन भाग आहेत. एकांकात चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाचा काळ येतो. भोवती शिष्यपरिवार जमण्यापूर्वीचा हा काळ आहे, आणि त्या काळात भंडारा येथे निळभट्टांची भेट घडते. वैनगंगेच्या खोऱ्यातील हे गाव त्या वेळी नवे नव्हते. कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या रतनपूर येथील १११४ च्या शिलालेखात ‘भाणार’ या नावाचा निर्देश आहे आणि तो भंडाऱ्याचा समजला जातो. जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले, ते तर त्याहून कितीतरी जुने. आज झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुलखाला धर्मसंप्रदायांची ये-जा अपरिचित नव्हती, एवढे यावरून दिसते.

कथेचा गाभा अगदी थोडा आहे. निळभट्ट हे भंडाऱ्यातले गृहस्थ ब्राह्मण. त्यांना चक्रधरांचे दर्शन घडते, त्यांचे चित्त वेधले जाते आणि घरदार सोडून ते त्यांच्यामागे निघतात. समर्पणाच्या कथेत वाचक ज्यांची अपेक्षा करतो त्या गोष्टींना येथे जागा नाही. दीर्घ मनोमंथन नाही, पश्चात्तापाचे भाषण नाही, ईश्वराची स्तुती नाही. जे आहे ते हालचालीच्या रूपाने आहे : एक माणूस होता तेथून उठला आणि दुसऱ्याच्या मागे चालू लागला.

या कथेतील सर्वांत अर्थपूर्ण वस्तू बहुधा कथेच्या बाहेर, नावात आहे. महानुभाव आचारात स्वदेश, स्वग्राम आणि आप्तजन यांचे संबंध सोडण्यावर कटाक्ष आहे. ‘सूत्रपाठा’च्या आचारप्रकरणाचा तो एक पायाच होय. ज्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही तेथे असावे, ओळख जमू लागली की निघावे, अशी ही वृत्ती. आणि तरीही ज्याने भंडारा सोडला त्याला संप्रदायाने कायमचे ‘भांडारेकार’ म्हटले. सोडलेल्या गावाचे नाव सोडणाऱ्याला चिकटले. हा योगायोग म्हणून सोडून देता येईल. मध्ययुगात गावावरून माणूस ओळखणे ही साधी रूढी होती. पण ग्रंथाच्या अंतर्गत व्यवहारात या नावाला वेगळे वजन येते. अनुसरलेल्या माणसाची ओळख त्याच्यापाशी जे आहे त्यावरून होत नाही, त्याने जे मागे टाकले त्यावरून होते. ‘भांडारेकार’ हे नाव उच्चारताना प्रत्येक वेळी एका त्यागाचा उच्चार होतो. पुढे संप्रदायाने चक्रधरांच्या चरणस्पर्शाने पावन झालेल्या जागांची नोंद ‘स्थानपोथी’त केली, त्या जागांवर ओटे बांधले आणि भाविक तेथे नमस्काराला जाऊ लागले. एकाने सोडून जाण्याचे गाव दुसऱ्याने शोधत येण्याचे स्थान झाले. समर्पणाने भूगोल पुसला नाही. त्याचा अर्थ मात्र उलटा केला.

३

भांडारेकारांच्या कथेत दोन क्रिया आहेत आणि त्यांचे कर्ते भिन्न आहेत. ‘वेध’ ही पहिली. वेध लागतो, माणूस वेधला जातो; तेथे करणारा ईश्वर आहे आणि जीव केवळ ग्राहक आहे. ‘अनुसरण’ ही दुसरी. अनुसरणारा जीव आहे. पाय त्याचेच आहेत. महानुभाव विचारात हा भेद ओघाने आलेला नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न मानणारे ते द्वैती दर्शन आहे. जीव अनादि अविद्येने बांधलेला आहे आणि ती अविद्या स्वतःच्या बळावर छेदण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी नाही. ते कार्य परमेश्वराचे. ज्ञान किंवा प्रेम यांचे दान करून तो ते करतो. मग जीवाने करावयाचे काय? त्याने अनुसरावे. अनुसरण हे उद्धाराचे मोल नव्हे आणि उद्धाराचे कारणही नव्हे. ते वेधाला दिलेले उत्तर आहे.

श्रीवैष्णवांमध्ये ज्या प्रश्नावरून दोन शाखा झाल्या, तो प्रश्न येथे अशा रीतीने क्रियापदांच्या वाटणीत सुटलेला दिसतो. वानराचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. समर्पणात जीवाचा प्रयत्न किती, हा तेथील वाद. महानुभाव गद्यातील जीव आईला बिलगलेला नाही आणि तिच्या तोंडातही नाही. तो मागून चालतो आहे. त्याच्यात आणि ईश्वरात अंतर आहे. ते अंतर कमी-जास्त होऊ शकते, आणि चालणे थांबले तर वाढू शकते. मीलनाची प्रतिमा टाळून अंतराची प्रतिमा स्वीकारणे हे द्वैती तत्त्वज्ञानाशी सुसंगतच होय.

या बाबतीत ‘ज्ञानेश्वरी’शी (१२९०) तुलना उद्बोधक ठरते. गीतेच्या अठराव्या अध्यायातील सहासष्टाव्या श्लोकावरील भाष्यात ज्ञानदेवांनी शरण येण्याचा अर्थ ऐक्यात लावला आहे. शरण येणारा आणि ज्याला शरण जायचे तो, हे दोन वेगळे राहिले तर ते शरण येणे अपुरेच, अशी त्यांची भूमिका आहे. भेद टिकवून केलेले समर्पण त्यांना समर्पणच वाटत नाही. ‘लीळाचरित्रा’ची भूमिका नेमकी याच्या विरुद्ध टोकाची : भेद संपला तर अनुसरणार कोण आणि कोणाला? अवघ्या दहा-बारा वर्षांच्या अंतराने, एकाच यादव राजवटीत आणि एकाच भाषेत सिद्ध झालेल्या या दोन ग्रंथांनी समर्पणाची परस्परविरोधी दोन रूपे मराठीला दिली. त्यांपैकी पहिल्याला ओवीचे आणि उपमा-दृष्टान्तांचे वैभव लाभले. दुसऱ्याने लहान वाक्यांचे गद्य निवडले. ही निवड वाङ्मयेतिहासात सहसा केवळ कालक्रमाची किंवा चरित्रलेखनाच्या सोयीची बाब मानली जाते. ती आशयाशीही निगडित आहे. ऐक्याला उपमा लागते, कारण दोहोंचे एक होणे प्रतिमेतूनच दाखविता येते. अनुसरणाला क्रियापद पुरते.

४

‘शरण’ हा शब्द ‘लीळाचरित्रा’ला अपरिचित आहे असे मात्र नाही. एकांकातील सशाची प्रसिद्ध लीळा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पारध्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन बसलेल्या चक्रधरांच्या मांडीखाली लपतो. पारधी येऊन ससा मागतात. शरण आलेल्याला येथे मरण नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळते. अखेर पारधीच नमतात, आणि ते गेल्यावर सशाला आदराने संबोधून जाऊ दिले जाते.

शाळेच्या पाठ्यपुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत ही लीळा अहिंसेचा दाखला म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. समर्पणाच्या दृष्टीने तिच्यातले दोन तपशील अधिक महत्त्वाचे ठरतात. एक म्हणजे शरण येणाऱ्याला येथे काहीही द्यावे लागत नाही. त्याला ज्ञान नाही, भक्ती नाही, कोणाला शरण आलो याची जाणीवही नाही. केवळ भय आहे. दुसरा म्हणजे शरणागती संपते. भय गेले की ससा मोकळा होतो आणि आपल्या वाटेने जातो. त्याने मागे राहावे अशी अपेक्षा कोणीही करीत नाही.

भांडारेकारांची कथा याच्या शेजारी ठेवली की दोन शब्दांचे कार्यक्षेत्र स्पष्ट होते. ससा भयाने आला, निळभट्ट वेधाने. सशाला जीव परत मिळाला. निळभट्टांनी जे होते ते सोडले. सशाची गोष्ट एका प्रसंगात पुरी झाली. निळभट्टांची त्या प्रसंगापासून सुरू झाली. शरण ही घटना आहे, अनुसरण हा क्रम आहे. भक्तिविचारात शरणागतीला जे अंतिमत्व दिले जाते ते ‘लीळाचरित्र’ देत नाही. या ग्रंथात शरण येणे हा प्राणिमात्राचा हक्क आहे. अनुसरणे ही माणसाची निवड आहे.

५

ही संकल्पना ग्रंथाच्या व्याकरणापर्यंत कशी झिरपली आहे, हे पाहणे समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल. ‘लीळाचरित्रा’त ईश्वराच्या क्रियांसाठी एक स्वतंत्र शब्दसंच आहे. इतर माणसे येतात-जातात, चक्रधर ‘बिजें’ करतात. इतर जेवतात, त्यांची ‘आरोगणा’ होते. इतर झोपतात, त्यांना ‘पहुड’ होतो. यांतील बरेच प्रयोग नामरूप आहेत आणि गोसावी त्यांत चतुर्थीत येतात : गोसाव्यांना आसन झाले, गोसाव्यांना पहुड झाला. आदरार्थी दरबारी भाषेचा हा संस्कार आहे, हे स्पष्टीकरण खरेच आहे. पण त्याचा वाङ्मयीन परिणाम आदरापुरता राहत नाही. ईश्वराची क्रिया इच्छेने ‘केलेली’ न वाटता ‘घडलेली’ वाटते. तिच्यामागे हाव नाही, प्रयोजनाचा ताण नाही. ‘लीळा’ या शब्दाला जे तत्त्वतः अभिप्रेत आहे ते वाक्यरचनेत उतरले आहे. याउलट भक्तांच्या क्रिया साध्या, सकर्तृक क्रियापदांत येतात. ते उठतात, पाणी आणतात, विचारतात, चुकतात, रुसतात. प्रयत्नाचे सारे व्याकरण भक्ताच्या वाट्याला आले आहे.

याहून लक्षणीय आहे ते चक्रधरांचे स्वतःविषयीचे बोलणे. ते स्वतःचा निर्देश ‘मी’ असा करीत नाहीत. ‘एथ’, ‘हें’ अशा स्थलवाचक वा दर्शक शब्दांनी करतात. सशाच्या लीळेतील अभयही ‘माझ्यापाशी’ या शब्दात येत नाही; ‘येथे’ या शब्दात येते. गीतेतील शरणागतीचे आवाहन प्रथमपुरुषी सर्वनामावर उभे आहे : शरण जायचे ते ‘मला’, आणि मुक्त करणार तो ‘मी’. ‘लीळाचरित्रा’तील परमेश्वर हे सर्वनाम वापरीतच नाही. जीवाने ‘मी’पण सोडावे, असे सांगणारे ग्रंथ अनेक आहेत, ज्याच्यापाशी ते सोडायचे तोच ते आधी उच्चारातून वगळतो, असा हा ग्रंथ आहे. आणि त्याने वापरलेला पर्यायी शब्द जागा दाखविणारा आहे. ‘येथे’ म्हटले की यावे लागते, जवळ राहावे लागते, आणि ती जागा हलली की मागे जावे लागते. अनुसरणाची कल्पना आणि परमेश्वराची भाषा या ठिकाणी एकमेकींत बसतात.

६

या संकल्पनेची खरी कसोटी लागली ती चक्रधरांच्या प्रयाणानंतर. परंपरेनुसार १२७४ मध्ये त्यांनी उत्तरापंथे प्रयाण केले. भांडारेकारांचे अनुसरण सन्निधानातले होते. पुढे चालणारी मूर्ती डोळ्यांसमोर होती. आता मागे चालायचे कोणाच्या? महानुभाव परिभाषेत ‘सन्निधान’ आणि ‘असन्निधान’ हे दोन शब्द या दोन अवस्थांसाठी आहेत, आणि ‘स्मृतिस्थळ’ हा ग्रंथ संपूर्णतः दुसऱ्या अवस्थेचा आहे. विरहाने खचलेले नागदेव आणि इतर मंडळी प्रथम रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सन्निधानी जातात. तेही गेल्यावर उरतो तो केवळ आचार. भिक्षा, अटन, विजन आणि नामस्मरण या चार गोष्टींत तो आचार सामावतो. यांतील अटन, म्हणजे निरंतर भ्रमण, हे पहिल्या अनुसरणाचेच उरलेले रूप होय. ज्याच्या मागे चालायचे तो दिसेनासा झाला, चालणे मात्र टिकले.

या टप्प्यावर अनुसरणाला आणखी एक रूप आले आणि मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरले. पावलांमागे जाता येत नाही, तेव्हा शब्दांमागे जावे लागते. म्हाइंभट हे चक्रधरांकडे प्रथम वादासाठी आलेले विद्वान पंडित. त्यांनीच पुढे गावोगाव फिरून, ज्याने जी लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडून ती मिळवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले आणि नागदेवांकडून ते पारखून घेतले. केसोबासांनी त्यातील वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ आणि ‘दृष्टान्तपाठ’ सिद्ध केले. या संकलनात एक विलक्षण शिस्त आहे. ऐकलेल्या वचनात संकलकाने स्वतःचे काही घालायचे नाही. दोघांचे स्मरण भिन्न असेल तर दोन्ही नोंदवायची. शिष्यांच्या नावानिशी दिलेले पाठभेद हे ‘लीळाचरित्रा’चे वैशिष्ट्य आधुनिक संशोधकांना शास्त्रशुद्धतेचा नमुना वाटले. मुळात ती भक्तीची शिस्त आहे. लेखकाने आपली प्रतिभा, आपले पांडित्य आणि आपली शैली मागे ठेवणे हेच येथे समर्पण होय. केसोबासांसारखे संस्कृतज्ञ हाताशी असतानाही नागदेवांनी ज्या मराठीत उपदेश झाला त्या मराठीचाच आग्रह धरला, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग भाषाभिमानाचा म्हणून गौरविला जातो. त्याचे मूळ अनुसरणात आहे. ज्या वाटेने तो गेला त्याच वाटेने जायचे. वाट बदलली तर मागे जाणे कसले? पुढे मूळ पोथी धाडीत नाहीशी झाली आणि ती स्मरणातून पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. त्यातून निरनिराळे पिढीपाठ निर्माण झाले. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि वि. भि. कोलते या संपादकांसमोर आलेले पाठचिकित्सेचे प्रश्न हे असन्निधानातील अनुसरणाचे दूरचे पडसाद म्हणावे लागतील.

७

या संकल्पनेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. सर्वस्व वाहून दुसऱ्याच्या मागे जाणे म्हणजे स्वतःची बुद्धी गहाण ठेवणे नव्हे काय? ग्रंथाने याचे उत्तर तत्त्वचर्चेने दिलेले नाही; पात्रांनी दिले आहे. महदाइसा अखंड प्रश्न विचारते. ‘लीळाचरित्रा’तील कितीतरी निरूपणे तिच्या प्रश्नांमुळे अस्तित्वात आली, आणि तिची जिज्ञासा दोष म्हणून नोंदलेली नाही. रुक्मिणीने कृष्णाला वरल्याची कथा ‘धवळ्यां’त गाणारी आद्य मराठी कवयित्री हीच. तिच्या ठायी अनुसरण, प्रश्न आणि काव्य एकत्र नांदतात. शिष्यांचे हेवेदावे, आळस, गैरसमज हेही ग्रंथाने झाकलेले नाहीत. अनुसरल्यानंतर माणूस सिद्ध होतो, असा दावा तेथे नाही. तो वाटेला लागतो, एवढेच.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र सहज निरस्त होत नाही. अनुसरणाच्या कथा निघून जाणाऱ्याच्या बाजूने सांगितल्या जातात. उंबरठ्याच्या आत राहिलेल्यांचे दुःख त्यांत ओझरते येते किंवा येतच नाही. अन्यांचे समर्पण घडावे यासाठी त्यांनी काय गमावले, हा प्रश्न ‘लीळाचरित्रा’ने विचारलेला नाही. त्याच्या गद्याचा जो गुण, म्हणजे चालणाऱ्यावरून नजर न हलविणे, तीच येथे त्याची मर्यादा होते. ही मर्यादा दाखविणे म्हणजे ग्रंथाकडे आधुनिक अपेक्षेने पाहणे, असे म्हणता येईल. पण ज्या ग्रंथाने स्त्रीशूद्रांना धर्माचा अधिकार दिला आणि एका सशाच्या भयाचीही नोंद घेतली, त्याच्याकडे ही अपेक्षा करणे अगदीच अन्यायाचे ठरू नये.

या विवेचनाचा इत्यर्थ असा. मराठीत समर्पणाची भाषा अभंग-ओवीतूनच जन्मली आणि गद्य हे केवळ चरित्राचे वाहन होते, ही समजूत पुन्हा तपासून पाहिली पाहिजे. महानुभावीय भक्तीचा शोध ‘रुक्मिणीस्वयंवर’, ‘शिशुपालवध’ यांसारख्या काव्यांत घेऊन ‘लीळाचरित्र’ भाषेच्या आणि समाजाच्या अभ्यासकांच्या हवाली करण्याची रूढी त्या समजुतीतून पडली. वस्तुतः या गद्याची लहान वाक्ये, त्यातील क्रियापदांचे प्राबल्य, मनोवृत्तींच्या वर्णनाचा संकोच आणि परमेश्वराच्या तोंडून गळालेले ‘मी’ ही सारी एका भक्तिकल्पनेची अंगे आहेत. भंडाऱ्याच्या एका गृहस्थाविषयी हे गद्य फारसे काही सांगत नाही. तो कोणामागे निघाला ते सांगते, आणि तो कोठून निघाला ते त्याच्या नावात ठेवून देते. अनुसरणाच्या दृष्टीने सांगण्याजोगे तेवढेच होते.